घड्याळ कोणाचं

तुर्कूहून रात्री पावणेनऊला जहाज सुटतं
आणि सातव्या मजल्यावरच्या नाचघरात
मी टेबलाखाली उताणा, तोंडात बॅटरी, हातात वायरी.
समोर तूलिक्कीचे बूट. डाव्याची टाच झिजलेली.

"आलं काही?"
"नाही."
"आता?"
"तू वाजवतेयस का पण?"
"कधीची."

कंपनीने पाठवलेला नवा कीबोर्ड :
एकसष्ट पट्ट्या, आठ घुंड्या, पोटात एकही सूर नाही.
पट्टी दाबली की तो फक्त निरोप देतो,
अमकी दाबली, एवढ्या जोरानं, आता सोडली.
सूर सगळे लॅपटॉपच्या घरी.
एक नुसता निरोप्या, एक नुसता गळा,
आणि दोघांची सोयरीक जुळवायला मी,
जन्मभर बंदरात क्रेन दुरुस्त केलेला माणूस.

निरोप पहिल्या चॅनेलवर जात होता,
ऐकणारा तिसऱ्यावर कान लावून बसलेला.
घोडं अडलं होतं ते एवढ्यावर.

मग सूर आला, पण उशिरा,
जेवायला हाक मारल्यावर मुलं येतात तसा.
बफर पाचशे बाराचा एकशे अठ्ठावीस केला.
लॅपटॉपचा पंखा धापा टाकू लागला,
सूर मात्र बोटाखाली आला.

मग घुंड्या.
गेल्या गाण्यात तिने आवाज तळाशी नेलेला,
नव्या गाण्यात सॉफ्टवेअर म्हणतं, तो वर आहे.
घुंडीला नुसतं बोट लागलं
की आवाज दचकून खाली कोसळतो.
यावर इलाज आहे, मी म्हणालो. फिरवत राहायचं.
त्याने जिथे धरून ठेवलंय तिथवर तू पोचलीस
की तो तुझा हात पकडतो.
"आणि तोवर?"
तोवर काही होत नाही.
"लग्नाची पहिली दहा वर्षं," ती म्हणाली,
आणि घुंडी फिरवत राहिली.

एन्सिओचा अकॉर्डियन त्याच लॅपटॉपमध्ये आहे.
गेल्या वसंतात, त्याची बोटं अगदीच ऐकेनाशी व्हायच्या आत,
आम्ही भरून घेतला. कानात ठोका देऊन,
मिनिटाला एकशे बारा.
म्हणून तिथे तो सुतात वाजतो,
जसा एकोणीस वर्षांत एकाही रात्री वाजला नाही.
टँगोच्या वळणापाशी तो थबकायचा,
दारात दुसऱ्याला आधी जाऊ द्यावं तसा.
आता थबकत नाही. तिच्या पुढून निघून जातो.

दोनदा झालं. तिसऱ्यांदा तिने हात उचलले.
"घड्याळ कोणाचं चालतंय?"
लॅपटॉपचं.
"आणि हा ऐकतो?"
सगळेच ऐकतात. ठोक्याला चोवीस टिकटिकी.
"उलटं कर."

उलटं करणं म्हणजे एका चौकटीतली खूण काढून
दुसरीत घालणं. त्याला दोन तास लागले.
आलांडची बेटं मागे पडली होती.
जहाजावर वेळ फिनलंडची,
स्वीडनवाले तासभर मागे असतात,
त्यांच्यातला एक तरी रोज
नाश्ता आवरून झाल्यावर ताटली घेऊन उभा राहतो.

साडेबाराला तीन जोडपी जमिनीवर होती.
तिने पायाखालच्या पेडलवर चार टिचक्या दिल्या,
निरोप गेला, अकॉर्डियन निघाला.
वळण आलं. तिचा पाय वर राहिला
जरासा, नको तितका,
मला वाटलं, वायर सुटली.

आणि एन्सिओ थबकला.

पडद्यावरचा आकडा एकशे बारावरून एकशे चारवर,
आवाजाला मधेच एक ओरखडा,
प्रोसेसर ब्याऐंशी टक्के. मी माउसवरचा हात काढून घेतला.
पाय पडला. दोघं एकदम समेवर आले.
तिने मान वर केली नाही.
नाचणाऱ्यांपैकी एकीचा तोल गेला, ती हसली.

सेटिंग जतन करताना ते नाव विचारतं.
मी लिहिलं : डावा बूट.